परडीतली कवडी

2023 च्या मार्गशीर्षात आज्जीची कवड्यांची माळ तुटली. दोरा कधीचाच कुजला होता. आई देवघरातली परडी पुसायला खाली घेत होती, माळेला जरासा हिसका बसला आणि कवड्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेल्या. आम्ही दोघी मायलेकी फरशीवर बसून वेचत राहिलो. अडतीस सापडल्या. आज्जी होती तेव्हा एक्केचाळीस होत्या. आईला तो आकडा पक्का ठाऊक, कारण दर पुनवेला आज्जी बोटाला तेल लावून एकेक कवडी पुसायची आणि मोठ्यानं मोजायची.

रुमालात बांधून मी त्या बेळगावात माळा ओवणाऱ्या पटवेगाराकडं नेल्या. म्हाताऱ्या गृहस्थांनी त्या लाल कापडावर ओतल्या आणि नखानं एक उलटी केली. पाठ घासून सपाट केलेली, आत पोकळ, कडेला तेलाचा आणि हळदीचा थर.

"जुनं काम हाय अक्का. दगडावर हातानं घासलेली. आताच्या मशीनवर घासून येतात, कड बघा कशी धारदार." मग त्यांनी डबीतून तीन नव्या काढून शेजारी ठेवल्या. "घालायच्या तर पाच रुपयाला एक पडंल."

मी घाला म्हटलं. पण परतीच्या बसमध्ये तो भाव डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात रायबागकडच्या मामाचा फोन आला होता. 8 डिसेंबरला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली होती. मार्केट यार्डात लिलाव झाला, अडत्याची पट्टी हातात आली आणि मामा एवढंच म्हणाला, "कवडीमोलानं गेला गा सगळा." तेव्हापासून या एका शब्दामागं मी लागले आहे. कवडी म्हणजे काहीच नाही, हे कोणी ठरवलं? आणि ती जिथून येते, तिथल्या माणसांना ती केवढ्याची वाटायची?

आज्जी येळ्ळूरची. राजहंसगडाच्या पायथ्याचं हे गाव भाताचं. तिथल्या शिवारातला बासमती शिजला की वास चार घरांपलीकडं जायचा, आणि आज्जी त्या वासावरून कुणाच्या घरी पाहुणे आलेत हे सांगायची. ती जोगतीण नव्हती. बाबांच्या लहानपणीच्या आजारात तिनं यल्लम्माला नवस बोलला होता आणि त्या नवसाची परडी तिनं मरेपर्यंत सांभाळली. मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात माळ घालून पाच घरी जोगवा मागायचा. दारात उभी राहून ती "उदो गं आई उदो" म्हणायची, घरची बाई सुपातून पसाभर तांदूळ आणून परडीत घालायची. परडीत हळदीकुंकवाच्या डब्या, देवीचा टाक आणि चार-पाच सुट्या कवड्या असायच्या. तांदूळ त्यांच्यावर पडायचे. घरी आल्यावर ती सूप मांडीवर घेऊन तांदळातून कवड्या निवडायची. मी शेजारी बसलेली. ओल्या बोटानं कवडीच्या दातांत अडकलेला तांदळाचा दाणा काढायचं काम माझं.

एकदा विचारलं, "आज्जी, कवड्या येतात कुठनं?"

"समुद्रातनं."

"तू समुद्र बघितलीस?"

"मी कुठला बघतो बाई. देवीनं बघितला असंल."

वेंगुर्ल्याचा समुद्र बेळगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिच्या सासऱ्याच्या बैलगाड्या आंबोलीचा घाट उतरून मिठासाठी तिकडं जायच्या. कारहुणवीच्या सणाला त्याच बैलांच्या गळ्यात कवड्यांचे पट्टे चढायचे. म्हणजे समुद्र आमच्या घरात मिठाच्या गोणीतून आला, बैलांच्या गळ्यात आला, देवीच्या परडीत आला. घरातल्या बाईला मात्र तो पाहायला मिळाला नाही.

आता त्या समुद्राकडं जाऊ.

हिंदी महासागरात, केरळच्या नैऋत्येला, मालदीव नावाची बेटांची रांग आहे. मालाद्वीप, बेटांची माळ, असा त्या नावाचा अर्थ पुष्कळजण लावतात, आणि नकाशा पाहिला की तो पटतो. सुमारे 1,200 बेटं, त्यांतली वस्तीची दोनशेच्या आत. सगळ्यांची जमीन एकत्र केली तर 300 चौरस किलोमीटरच्या आसपास. आमच्या एकट्या बेळगाव जिल्ह्यात असे चाळीसहून जास्त मालदीव मावतील. नदी नाही, डोंगर नाही, दगड नाही. प्रवाळाची पांढरी वाळू, माड आणि मासळी. भात पिकवायला लागते तशी जमीनच नाही. त्यामुळं भात खायचा तर तो समुद्रापलीकडून आणायचा आणि त्याच्या बदल्यात समुद्रानं दिलेलंच काही द्यायचं. सुकवलेला मासा होता, काथ्याची दोरी होती, आणि कवडी होती.

तिकडं तिला 'बोली' म्हणतात. हा शब्द मला फार आवडला. आपल्याकडं लिलावात बोली लावतात, आणि तिकडं जी वस्तू देऊन माल घ्यायचा तिचंच नाव बोली. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध असायचं कारण नाही, तरी कानाला ते जुळलेले वाटतात. भाषेचं नातं मात्र खरंच आहे. तिथली दिवेही भाषा सिंहलीची बहीण, म्हणजे मराठीच्याच मोठ्या कुळातली. एक, दोन, तीनला ते एके, दे, तिने म्हणतात. इतक्या दूरच्या बेटावरची आकडेमोड ऐकून येळ्ळूरच्या बाईलाही थोडी ओळख पटली असती.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1343-44 मध्ये त्या बेटांवर काझी म्हणून राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की तिथले लोक हे जीव समुद्रातून गोळा करतात, खड्ड्यात घालतात, आतलं मांस सडून जातं आणि पांढरं हाड उरतं. सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत. कधी भाव पडला की बारा लाख. आणि बंगालचे लोक त्या घेऊन तांदूळ देत, कारण बंगालात कवडी हेच नाणं होतं. त्याच कवड्या आफ्रिकेत, माली आणि गाओकडं, एका दिनाराला 1,150 या भावानं चालताना त्यानं पुढं स्वतः पाहिल्या. चार लाख कुठं आणि साडेअकराशे कुठं! मधला सगळा फरक जहाजाचा, उंटाचा आणि व्यापाऱ्याचा.

त्यानंतर अडीचशे वर्षांनी, 1602 मध्ये, पिरार नावाचा एक फ्रेंच माणूस जहाज फुटून याच बेटांवर अडकला आणि पाच वर्षं राहिला. त्याची हकीकत वाचताना मी एका ठिकाणी थांबले. कवड्या महिन्यातून दोनदा वेचल्या जात, अवसेच्या आणि पुनवेच्या आगेमागे तीन-तीन दिवस. इतर वेळी त्या मिळायच्याच नाहीत. आणि वेचायच्या बायका, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून.

पुनवेला पाण्यात उभ्या राहिलेल्या बायका. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या आणि चैत्रातल्या पुनवेला सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर बायकांनी फुललेला असतो. जोगुळभावीच्या कुंडात ओलेत्यानं उभ्या असतात, गळ्यात कवड्यांच्या माळा. एकाच चंद्रानं तिकडं समुद्र मागं ओढला आणि इकडं बायकांना डोंगरावर बोलावलं. मी हे आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग त्यांनीबी मोजत वेचल्या असतील."

मोजल्याच होत्या. जुन्या मालदीवी मोजणीत बाराचा हिशोब चालायचा आणि कवड्यांची गाठोडी माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या टोपल्यांत बांधायची, एका गाठोड्यात 12,000. नुसत्या कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजं एका वर्षात बंगालकडं गेलेली पिरारनं पाहिली. पावसाळ्यातल्या नैऋत्य वाऱ्यावर होड्या वर ओडिशा-बंगालच्या किनाऱ्याला लागायच्या, आणि हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर तांदूळ घेऊन परतायच्या. येळ्ळूरच्या धूळवाफ पेरणीवर पाऊस आणणारा वारा तो हाच.

देणाऱ्याच्या बाजूला हे असं होतं: सडलेल्या मांसाचा वास, खारट पाण्यानं फुटलेल्या टाचा, 12,000 ची मोजणी, आणि पुढच्या सहा महिन्यांच्या भाताची काळजी. घेणाऱ्या बाजूला काय होतं? तिकडं कवडी सगळ्यांत खालच्या पायरीवर होती. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे. वीस वराटक म्हणजे एक काकिणी, चार काकिणी म्हणजे एक पण, सोळा पण म्हणजे एक द्रम्म. वराटक म्हणजे आपली कवडी. हिशोब केला तर एका द्रम्माला 1,280 कवड्या होतात. बंगालात शतकानुशतकं चाललेला हिशोबही हुबेहूब हाच: 80 कवड्यांचा पण, 16 पणांचा काहण, म्हणजे 1,280. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात चार काहणांचा रुपया धरायचे. रुपयाला 5,120 कवड्या. आता बांगलादेशात असलेल्या सिल्हेटचा शेतसारा कवड्यांतच यायचा आणि त्या ढाक्याला न्यायला होड्यांचे तांडे लागायचे.

म्हणजे आपल्या भाषेत 'फुटकी कवडी', 'कवडीमोल', 'कवडीचुंबक' हे शब्द आले ते रुपयाच्या टोकाला उभं राहून पाहणाऱ्याच्या तोंडून. मोठ्या देशात धान्य मुबलक, म्हणून तिथं मूठभर तांदळाची किंमतही कवडीइतकी. मूठभर तांदूळ हीच ज्यांची चूल, त्यांच्या भाषेत हा वाक्प्रचार कसा झाला असता? तरी आपल्याच भाषेत कवडीचे दुसरे अर्थही आहेत, आणि ते घरातल्या बायकांनी जपलेले. विरजण नीट लागलं की आई म्हणते, दह्याची कवडी पडली. तिथं कवडी म्हणजे घट्ट, शुभ्र, मनासारखं झालेलं.

ही गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण कवड्या युरोपात गेल्या. श्रीलंकेत डचांनी आणि ओडिशातल्या बालेश्वर बंदरात इंग्रजांनी त्या विकत घेतल्या, जहाजांच्या तळाला भार म्हणून भरल्या, ॲमस्टरडॅम-लंडनला लिलावात विकल्या आणि तिथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला गेल्या. अठराव्या शतकात एका माणसामागं कवड्यांचा आकडा लाखाच्या घरात पोचला होता. मालदीवच्या बाईनं भातासाठी वेचलेली कवडी कुणाच्या तरी लेकराची किंमत झाली. हे वाचल्यावर मला आज्जीच्या माळेकडं काही दिवस पाहवेना. आमच्या डोंगराचंही असंच आहे. तिथं आज्जीसारख्यांचा जीव निवतो, आणि तिथंच गरिबांच्या पोरी गळ्यात मणी बांधून देवीला सोडल्या गेल्या. 1982 साली कर्नाटकानं देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, तोवर कितीतरी गळे त्या दोऱ्यात अडकले होते. श्रद्धेचा आणि व्यवहाराचा दोरा एकच असतो तेव्हा कुणाच्या तरी मानेला तो काचतोच, आणि ती मान बहुतेक वेळा बाईची असते.

कवडीचा शेवट मोठ्या माणसांनी कागदावर केला. 1803 मध्ये ओडिशा कंपनीच्या ताब्यात आलं आणि पुढच्या काही वर्षांत सारा चांदीत मागायला सुरुवात झाली. कवडी सरकारी खजिन्यात चालेना, तिचा भाव कोसळला, सारा मात्र तेवढाच राहिला. 1817 च्या पाइकांच्या, म्हणजे ओडिशातल्या जमीनदार शिपायांच्या, उठावामागं जी कारणं होती त्यांत हेही एक. आफ्रिकेत 1845 नंतर हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारकडच्या कवड्या जहाजं भरभरून ओतल्या. ती जात थोडी वेगळी. तिच्या पाठीवर पिवळं कडं असतं. मालदीवची लहान, पिवळसर, पाठीवर उंचवटे असलेली. कडेवाली स्वस्त आणि भरमसाट, तिच्या पुरात दोन्ही बुडाल्या. माळेतल्या कवड्यांची पाठ घासलेली असते, त्यामुळं ती खूणच पुसून जाते. पोट आणि दात तेवढे उरतात, आणि ते दोघींचे सारखेच.

बेटावरच्यांचं काय झालं? कवडी गेली, मासळी राहिली, आणि तांदूळ बाहेरूनच येत राहिला. दुसऱ्या महायुद्धात जहाजं थांबली तेव्हा तिथं उपासमार झाली. लोकांनी झाडपाला आणि कंद खाऊन दिवस काढले. डिसेंबर 2014 मध्ये राजधानी मालेतल्या खारं पाणी गोडं करण्याच्या केंद्राला आग लागली आणि लाखभर लोकांच्या नळाचं पाणी गेलं, तेव्हा भारतानं विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचं पाणी पाठवलं. समुद्रानं वेढलेल्या गावाला विमानातून पाणी!

आता परत मामाच्या कांद्याकडं. निर्यातबंदी मार्चपर्यंत होती, मग आणखी लांबली. मामानं पुढचा कांदा शेतातच ठेवला. वरचे पापुद्रे काळे पडत गेले. आणि 5 एप्रिल 2024 ला बातमी आली की 2024-25 साठी भारत मालदीवला ठरलेला माल पाठवणार, बंदी असली तरी. दोन देशांत 1981 पासून व्यापार करार आहे, त्याप्रमाणं दरवर्षी आकडे ठरतात, आणि त्या वर्षीचे आकडे करार झाल्यापासूनचे सर्वांत मोठे. तांदूळ 1,24,218 टन. गव्हाचं पीठ 1,09,162 टन. साखर 64,494 टन. कांदा 35,749 टन. अंडी 42.75 कोटी. नदीची वाळू 10 लाख टन आणि खडी 10 लाख टन.

त्याआधीच तीन महिने दोन देशांतल्या राजकीय वादावरून दोन्हीकडचे लोक फोनवरून एकमेकांना नको नको ते बोलत होते, आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा. मी तेव्हाही गप्प होते. ज्या देशात खडी नाही, बांधकामाची वाळू नाही, कांद्याचं एक रोप लावायला माती नाही, त्या देशाचा कांदा अडवून आपण मोठे होणार नव्हतो. साखरेचाच आकडा पाहा. 64,494 टन म्हणजे साधारण साडेसहा लाख क्विंटल. आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या एका हंगामात तेवढी निघते. आपल्याला एक हंगाम, त्यांना देशाचा वर्षभराचा चहा.

बातमी मी मामाला वाचून दाखवली. मला वाटलं होतं तो चिडेल. आपला कांदा सडतोय आणि सरकार बेटावर पाठवतंय, असं म्हणेल, आणि म्हणाला असता तर तो त्याचा हक्कच होता. तो म्हणाला, "त्यांच्याकडं पिकत न्हाई न्हवं? मग दिऊदे की. खाणाऱ्याला दिऊदे. मला फक्त आधी सांगायचं होतं, मी एवढा लावलो नसतो." त्याचा राग कांदा जाण्यावर नव्हता. सकाळी भाव होता आणि संध्याकाळी एका कागदानं तो नाहीसा झाला, यावर होता. 12,000 चं गाठोडं बांधून बालेश्वराच्या किनाऱ्याला लागलेल्या आणि कवडी चालत नाही हे कळलेल्या मालदीवी होडीवाल्याला मामाचं म्हणणं लगेच समजलं असतं.

मोठ्या देशातही लहान बेटं असतात. रायबागच्या रानातला दोन एकराचा तुकडा हे असंच एक बेट. तिथल्या माणसाला भाव सांगतात, विचारत नाहीत. मालदीवसाठी निदान 1981 चा एक कागद आहे, त्यावर दोन सह्या आहेत, आणि त्यामुळं बंदीतही त्यांचा तांदूळ निघतो. मामासाठी असा कागद का नसावा, हे मी त्या दिवसापासून मनात धरून आहे. लग्नात, बसमध्ये, जिथं शेतीचा विषय निघतो तिथं विचारते. आधी सांगा. वर्षाला एकदा आकडा ठरवा आणि पेरणीच्या आत सांगा. बेटाला जे मिळतं तेवढंच मागते आहे.

चैत्र पुनवेला डोंगराला जायचं ठरलं. मार्गशीर्षातल्या पुनवेला देवीचा चुडा उतरतो, पुढं तो पुन्हा भरतात, म्हणून आईला चैत्रातली वारी जास्त आवडते. जायच्या आदल्या दिवशी तिनं आज्जीचं पत्र्याचं पिंप रिकामं करायला घेतलं. त्या पिंपात तांदूळ वरून भरत जातो, वरून काढत जातो. तळ कुणी पाहिला नव्हता. कीड लागली होती म्हणून या वेळी सगळं अंगणात पोत्यावर ओतलं. तळाचे तांदूळ जुने, पिवळट, खडखडीत. आई सूप घेऊन पाखडायला बसली आणि सुपात काहीतरी वाजलं.

कवडी होती. आज्जीनं बरकतीसाठी तळाशी ठेवलेली असणार. ही कधी ओवलीच नव्हती. पाठ अखंड होती. मी ती उन्हात धरली. लहान, पिवळसर, कडेला उंचवटे. पाठीवर कडं नव्हतं.

आईनं ती पदरानं पुसली. दातांत तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता; मी नख लावणार तोच तिनं हात धरला. "ऱ्हाऊदे तो." मग परडीत पसाभर तांदूळ घातले, त्यावर ती कवडी ठेवली, आणि एक्केचाळिसाची माळ गळ्यात घालून बघायला आरशासमोर गेली.